जेके आणि सीजी सोडून

बिल्टी लिहिणाऱ्याच्या हाताखालून दिवसभर ट्रकचे नंबर जातात. त्यातून बसायची जागा नागपुरातली, अमरावती रोडवरच्या वाडीतली, म्हणजे अख्ख्या देशाचे नंबर. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग आणि हाजिऱ्याहून पारादीपला जाणारा ५३ क्रमांकाचा, हे दोन्ही आमच्याच गावात एकमेकांना छेदतात. नंबरातली पहिली दोन अक्षरं राज्याची किंवा केंद्रशासित प्रदेशाची. ती दोन अक्षरं त्याच क्रमानं, शेजारीशेजारी ज्यात येतात असा इंग्रजी शब्द शोधायचा, हा माझा जुना नाद. विशेषनाम चालत नाही. ज्याचं वाक्य करता येत नाही तो शब्दही चालत नाही. हा दुसरा नियम मी स्वतःच घातलेला आहे, आणि खेळाची सगळी चव त्यात आहे.

काही राज्यं फुकटात सुटतात. मध्य प्रदेशचं एमपी म्हटलं की कॅम्प, लॅम्प, एम्प्टी. दिल्लीचं डीएल, तर कॅन्डल, नीडल. हरियाणाचं एचआर, तर थ्री, थ्रो, क्रोम. ही अक्षरं इंग्रजीत एरवीही एका घरात नांदतात. त्यांना शोधण्यात कसलं कसब?

खरी गंमत न पटणाऱ्या अक्षरांची. गुजरातचं जीजे घ्या. इथं शब्दकोश कामाचा नाही, कारण तो पहिल्या अक्षरावरून लावलेला, आणि आपल्याला हवा शब्दाचा मधला भाग. शेवटच्या अक्षरांवरून लावलेले कोशही निघाले. जॉन वॉकर नावाच्या इंग्रजानं यमकं जुळवणाऱ्यांसाठी तसा कोश १७७५ मध्येच काढला. पण मधल्या अक्षरांवरून पुस्तक लावायचं तर एकेक शब्द आठ-दहा ठिकाणी छापावा लागेल.

म्हणून जोडी फोडायची. जी वर संपणारे छोटे शब्द एकीकडे आठवायचे: डॉग, बॅग, लॉग. जे पासून सुरू होणारे दुसरीकडे: जार, जेट, जॅम. मग एकेकाची गाठ घालून बघायची. लॉग आणि जॅम भेटले की झालं लॉगजॅम, नदीत ओंडके अडकून तुंबतात ते. नको असलेली दोन अक्षरं एकमेकांजवळ येतात ती बहुधा अशी, दोन शब्दांच्या सांध्यावर. हिमाचलचं एचपी टूथपेस्टमध्ये आहे. पश्चिम बंगालचं डब्ल्यूबी काऊबॉयमध्ये आहे, आणि टायर बदलताना लागणाऱ्या क्रोबारमध्येही. आपल्या सबंध महाराष्ट्राला, एमएचला, मिळालंय फार्महाऊस. (फार्महँडही बसतो, पण राबणारा गडी कोणाला आधी आठवतो?) २०२१ पासून बदलीच्या नोकरीवाल्यांना बीएच मालिका मिळाली, तिच्या वाट्याला आलंय क्लबहाऊस.

सांधा इंग्रजीतच दिसेल असंही नाही. राजस्थानचं आरजे परजरीत सापडतं, म्हणजे शपथेवर खोटं बोलणं, आणि तो जोड लॅटिनमध्येच पडलेला आहे. बीएचचा दुसरा शब्द अबहॉर, तिरस्कार करणं. त्याचीही तीच गोष्ट. असे जुने, झिजून गुळगुळीत झालेले जोड हाताला लागले की त्या दिवशी बिल्ट्यांचा कंटाळा येत नाही.

दुसरी वाट मुक्या अक्षरांची, आणि तिथं मराठी शाळेत शिकलेला माणूस पुढे असतो असं माझं ठाम मत आहे. आमचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर आमची शाळा संपली होती. इंग्रजी कानावर पडायचंच नाही, त्यामुळे स्पेलिंग पाठ करायला आम्ही शब्द लिहिला तसा वाचत असू: वेड-नेस-डे, हँड-केर-चीफ, कप-बोर्ड. मास्तर हसायचे, पण तेच आता कामी येतं. पंजाबची गाडी आली, पीबी. आमच्या ऑफिसातला पोरगा कॉन्व्हेंटचा, इंग्रजी फाडफाड. तो बराच वेळ गप्प. मी म्हटलं, कबर्ड. तो म्हणतो, “भाऊ, त्यात पी कुठून आला बाप्पा?” त्याच्या कानानं तो पी कधी ऐकलाच नव्हता. रास्पबेरीतलाही नाही. माझ्या डोक्यात मात्र तो अजून कप-बोर्डच आहे, पी ठसठशीत.

त्या पोरानं मग मोबाइल काढला. अक्षरं टाका, यादी हजर. लांबलचक यादी, निम्मे शब्द त्यानंही कधी बघितले नव्हते. “याचं वाक्य कर,” म्हटलं की फोन खिशात जातो. मला त्या यादीचा राग नाही. मधल्या अक्षरांवरून शोधण्याची जी सोय छापील कोशाला करता आली नाही ती यंत्रानं केली, हे मोठंच काम आहे. पण यादीत शब्द कुठून कसा जोडलाय ते कळत नाही, आणि मला तर तेवढ्याचीच हौस.

सुटीच्या दिवशी शहरातल्या गाड्यांवर खेळतो. एमएच ३१, ४० किंवा ४९ यांच्या पुढची दोन अक्षरं धरायची. त्या मालिकांत आय आणि ओ नसतात, एक-शून्याशी घोळ नको म्हणून. त्यामुळे स्वरांची आधीच टंचाई. डीडब्ल्यूला सँडविच, हार्डवेअर. डीकेला व्होडका, हे घरात मोठ्यानं सांगायचं नाही. एचकेला लॅचकी.

राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश यांपैकी दोन माझ्याकडे थकीत आहेत: जम्मू-काश्मीरचं जेके आणि छत्तीसगडचं सीजी. जे वर संपणारे इंग्रजी शब्द बोटावर मोजण्याइतके, तेही बाहेरून आलेले, त्यामुळे जेकेची आशा मी सोडली आहे. सीजीचं तसं नाही. सी वर संपणारे शब्द ढिगानं आहेत, पिकनिक, म्युझिक, ट्रॅफिक, पण पुढे काही जोडायची वेळ आली की ते सुटेच राहतात. रायपूरचं लोखंड रोज उतरतं आणि माझी पाटी रोज कोरी.

मार्च २०२४ मध्ये तेलंगणानं टीएस सोडून टीजी घेतलं. टीएसला आऊटसाइड होतं, सोपं. टीजीचा पहिला नवा ट्रक लागला तेव्हा पोरगा सांध्यावरून गेला आणि चहा येण्याच्या आत म्हणाला, आऊटगोइंग. शाबास म्हटलं. मी दुसऱ्या वाटेनं गेलो होतो: मॉर्टगेज, टी मुका. “पण भाऊ, ट्रक थोडीच मॉर्टगेज असते,” तो म्हणाला, “ट्रकवर हायपोथिकेशन असते.” बरोबर आहे त्याचं. गहाण जमीन पडते, ट्रकवर नुसता कर्जाचा बोजा चढतो. तरी शब्द चालतो, वाक्य होतं.