चौथं नाव

फ्रीलान्सिंगमध्ये पैसे वेळेवर मिळोत न मिळोत, फॉर्म मात्र भरपूर भरावे लागतात. नवा क्लायंट, नवा फॉर्म! त्यात 'वडिलांचे/पतीचे नाव' हा रकाना ठरलेला. आईसाठी जागा बहुतेक नसतेच. गंमत म्हणजे बँकवाले आईचं माहेरचं आडनाव अगदी पासवर्डसारखं जपून विचारतात.

मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटचं तसं नाही. आडनाव, आपलं नाव, वडिलांचं नाव आणि चौथं आईचं. मास कम्युनिकेशनच्या पहिल्या वर्षाची मार्कशीट घेऊन मी शहाद्याला घरी गेले, तेव्हा आईने मार्क बघितलेच नाहीत. बोट ठेवून स्वतःचं नाव वाचलं.

"माझं नाव काय करतंय गं इथे? मी कुठे परीक्षा दिली?"

दहावीनंतर तिचं शिक्षण थांबलं, लग्नात नावही बदललं. म्हणजे छापलेलं नाव सासरचंच. तरी दुसऱ्या दिवशी तिने ती मार्कशीट चक्क लॅमिनेट करून आणली. मार्कशीट लॅमिनेट करू नये, हे तिला कोण सांगणार!

ही पद्धत मुंबई विद्यापीठात आणली डॉ. स्नेहलता देशमुख यांनी. लहान मुलांच्या सर्जन, सायन हॉस्पिटलच्या डीन आणि 1995 ते 2000 या काळात कुलगुरू. त्यांच्याआधी 1986 मध्ये डॉ. मेहरू बेंगाली कुलगुरू झाल्या होत्या. 1857 मध्ये सुरू झालेल्या विद्यापीठात पूर्णवेळ कुलगुरूच्या खुर्चीत पहिली बाई बसायला एवढी वर्षं लागली! देशमुख मॅडमना 2005 मध्ये पद्मश्री मिळाली, जुलै 2024 मध्ये त्या गेल्या. श्रद्धांजलीच्या बातम्यांत बरंच काही होतं, पण माझ्या लेखी त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. आजारी पोराच्या खाटेशेजारी रात्र कोण काढतं, हे मुलांच्या सर्जनला वेगळं सांगावं लागलं नसणार. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव बंधनकारक करायचं राज्य सरकारने ठरवलं, ते मार्च 2024 मध्ये. विद्यापीठानंतर किती वर्षांनी, तुम्हीच मोजा.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यातली कॉलेजं जळगावच्या विद्यापीठात येतात. 1990 मध्ये ते सुरू झालं आणि 2018 मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचं नाव विद्यापीठाला, मला हे जाम आवडतं. पण 2022 पर्यंत तिथे नेमलेले पूर्णवेळ कुलगुरू? सगळे पुरुष.

गेल्या वर्षी एका स्टोरीसाठी जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात गेले होते. प्राचार्यांच्या केबिनमध्ये आजवरच्या प्राचार्यांच्या नावांचा लाकडी बोर्ड असतो ना, तो वरपासून खालपर्यंत वाचला. एकही बाई नाही. बाहेर स्टाफरूममध्ये मात्र नॅकच्या फाइल्सचा ढीग एका मॅडमच्या टेबलवर. गॅदरिंग त्यांच्याकडे, मुलींच्या तक्रारींची समितीही त्यांच्याकडेच.

"मॅडम, प्राचार्यपदासाठी अर्ज का नाही करत?"

त्या हसल्या आणि यूजीसीचे 2018 चे निकष घडाघडा म्हणून दाखवले. पीएचडी, पंधरा वर्षांचा अनुभव, दहा शोधनिबंध, शिवाय 110 चा रिसर्च स्कोअर. पीएचडी त्यांनी धाकट्याला शाळेत सोडून आल्यावर, डबे आणि तासांच्या मधल्या वेळेत केली होती. अनुभव सतरा वर्षांचा.

"पेपर सातच झालेत गं. नॅक आलं की लिहिणं थांबतं. आणि नॅक मलाच येतं!"

नॅकचं काम बाईने नीटनेटकं केलं की पुढच्या वेळी ते पुन्हा तिच्याच नावावर पडतं. ज्यांच्या वाट्याला ते येत नाही, त्यांचे पेपर वेळेत पूर्ण होतात. हे तुमच्या-माझ्या ऑफिसातही होतं, फक्त तिथे त्याला 'टीम प्लेयर' म्हणतात.

मागच्या महिन्यात मॅडमचा मेसेज आला: "आठवा ॲक्सेप्ट झाला." खाली आणखी एक ओळ: "या वेळी नॅकला नाही म्हटलंय."