खोकी किती बसतील?

आपण रोज काही ना काही अंदाज बांधत असतो. पातेल्यातला भात किती जणांना पुरेल? लग्नाला निघालेल्या सगळ्यांचे कपडे एका पेटीत मावतील का? असे प्रश्न आपण कागद न घेताच सोडवतो. पण अंदाज बांधणे ही शिकण्याची गोष्ट आहे, हे मला भिवंडीजवळच्या एका गोदामात समजले. तिथे मी काही वर्षे हिशोबनीस होतो.

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव म्हणून सर्वांना माहीत आहे. आता गावाभोवती गोदामेही खूप झाली आहेत. आमच्या गोदामात कापड, साबण, वह्या, काचेच्या बरण्या असा नाना प्रकारचा माल येई. परदेशी जाणारा माल कंटेनरमध्ये भरून न्हावाशेवाच्या बंदराकडे रवाना होई. हे बंदर 1989 साली सुरू झाले.

हा माल पॅलेटवर रचलेला असे. पॅलेट म्हणजे लाकडी फळ्यांचा बसका चौथरा. त्याच्या खाली पोकळी असते. फोर्कलिफ्ट नावाची गाडी आपले दोन लोखंडी दाते त्या पोकळीत घालते आणि सगळा ढीग एकदम उचलते. आमचे पॅलेट 120 सेंटीमीटर लांब आणि 100 सेंटीमीटर रुंद होते.

गोदामाचे मुकादम वयाने मोठे होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. नवा माल आला की चाचा एक खोके हातात घेत. त्याची लांबी, रुंदी, उंची मोजत. पुठ्ठा अंगठ्याने दाबून पाहत. मग पॅलेटवर खोक्यांचा एकच थर रचत आणि त्यानंतरच आकडा सांगत.

‘चाचा, आधी काय पाहायचे?’ मी त्यांना विचारले.

‘आधी एक थर बघ, बेटा. मग असे थर किती चढतील ते बघ. ढिगाकडे सर्वांत शेवटी बघायचे.’

एकदा 60 बाय 40 सेंटीमीटरची खोकी आली. चाचांनी दोन खोकी आडवी ठेवली. त्यांची लांबी बरोबर 120 झाली. उरलेल्या जागेत तीन खोकी उभी ठेवली. पाच खोक्यांत सारे पॅलेट भरले, बोटभरही जागा उरली नाही. मला फार गंमत वाटली. पण सगळीच खोकी अशी शहाणी नसतात.

एका व्यापाऱ्याचा माल आला, तेव्हा हे चांगलेच दिसून आले. त्याचे खोके 45 सेंटीमीटर लांब, 35 रुंद आणि 30 उंच होते. व्यापाऱ्याने कागदावर भागाकार केला होता. पॅलेटचे क्षेत्रफळ 12000 चौरस सेंटीमीटर, खोक्याचे 1575. भागाकार साडेसातच्या वर येतो. म्हणून एका थरात सात खोकी, पाच थरांत 35, आणि दहा पॅलेटवर 350, असा त्याचा हिशोब होता. वीस फुटी कंटेनरमध्ये अशी दहाच पॅलेट बसतात. परदेशातल्या गिऱ्हाइकाला त्याने 350 खोक्यांचा शब्दही दिला होता.

चाचांनी थर रचला. सहा खोकी बसली. ती फिरवून, वळवून पाहिली, तरी सहाच. व्यापारी म्हणाला, ‘सातवे थोडे बाहेर आले तर काय बिघडते?’

चाचा शांतपणे म्हणाले, ‘शेठ, खोक्याची ताकद त्याच्या चार कोपऱ्यांत असते. कोपरा पॅलेटच्या बाहेर लटकला की ती ताकद गेली. वरच्या वजनाने ते खोके दबेल आणि ढीग कलेल. तो कोसळेल तेव्हा खाली माझा माणूस उभा असेल.’

‘मग सहावा थर चढवा.’

चाचांनी खोक्यावर छापलेली खूण दाखवली. एकावर एक पाचच खोकी ठेवावीत, असा तिचा अर्थ होता. एका खोक्याचे वजन 12 किलो होते. पाच थरांत सर्वांत खालच्या खोक्यावर चार खोक्यांचा, म्हणजे 48 किलोंचा भार येत होता. सहावा थर चढवला असता, तर तो 60 किलो झाला असता. पावसाळ्यात दमट हवेने पुठ्ठा मऊ पडतो. तेव्हा तर चाचा असा माल चारच थर रचत.

व्यापारी रागावला. पण चाचा हटले नाहीत. मी कागदावर 300 हा आकडा लिहिला. उरलेली 50 खोकी पुढच्या कंटेनरची वाट पाहत राहिली.

त्या रात्री मी घरी कागद घेऊन बसलो. सात खोकी का बसत नाहीत, हे मला शोधायचे होते. पॅलेटची रुंदी 100. तिच्यात 45 आणि 45 मिळून 90 होतात. 45 आणि 35 मिळून 80, तर 35 आणि 35 मिळून 70. तीन खोकी तर मावतच नाहीत. म्हणजे कशीही रचली तरी रुंदीत निदान 10 सेंटीमीटर जागा रिकामी राहणारच. उरते 120 गुणिले 90, म्हणजे 10800. सात खोक्यांना मात्र 11025 लागतात. चाचांच्या हातांनी जे सांगितले होते, तेच गणितही सांगत होते.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद चाचांना दाखवला. त्यांनी तो लक्षपूर्वक पाहिला. मग हसून म्हणाले, ‘छान! आता कोणी शेठ भांडायला आला की हा कागद पुढे करू. माझे बोलणे वाचेल.’

तुम्हीही हे करून पाहू शकता. 12 सेंटीमीटर लांब आणि 10 सेंटीमीटर रुंद कागद घ्या. पुठ्ठ्याचे साडेचार बाय साडेतीन सेंटीमीटरचे सात तुकडे कापा आणि कागदावर मांडा. सहा तुकडे बसतील. सातव्यासाठी तुम्ही हवी तेवढी खटपट करा.

भागाकार खोटे बोलत नाही. त्याला फक्त जागा दिसते. पण जागेचे तुकडे इकडेतिकडे विखुरलेले असले, तर ते जोडून त्यात खोके ठेवता येत नाही. शिवाय खालचे खोके किती भार सोसेल आणि ढिगाशेजारी कोण काम करणार आहे, हेही भागाकाराला माहीत नसते. ते हिशोब करणाऱ्याने पाहायचे असते. म्हणून चांगला अंदाज बांधणारा माणूस आधी भागाकार करतो, मग एक थर रचून पाहतो आणि आकडा तोंडातून काढण्यापूर्वी सर्वांत खालच्या खोक्याचा विचार करतो.