तीन कॅमेरे आणि एक अंतरपाट

तर झालं असं, की मावसबहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओचं काम माझ्या गळ्यात पडलं. "तू कंप्युटरवाला, तुला काय अवघड?" या घरगुती तर्कापुढे कोणाचं काही चालत नाही. कॅमेरे तीन: एक मित्राचा, एक माझा आणि एक गॅलरीत उभ्या असलेल्या भाच्याचा फोन.

वीकांताला चहाचा थर्मास भरून एडिटिंगला बसलो. आवाजावरून तिन्ही शूटिंगं जुळवली आणि कपाळावर हात मारला. मित्राचा कॅमेरा उन्हासाठीच्या ५६०० केल्विनवर लॉक केलेला आणि स्टेजवरचे पिवळे दिवे साधारण ३२०० चे. त्यामुळे त्याचं सगळं चित्र पिवळट. माझा ऑटो व्हाइट बॅलन्सवर. नवरीची पिवळी अष्टपुत्री फ्रेममध्ये भरली, की त्याला वाटायचं दिवाच पिवळा आहे, आणि तो सगळं निळ्याकडे ढकलायचा. फोन तर आपल्या मनाचा राजा. अँगल बदलला की नवरी बदलते!

मदतीला आला अंतरपाट. मंगलाष्टकं चालू असताना तो तिन्ही कॅमेऱ्यांना दिसत होता आणि (कुंकवाचं स्वस्तिक सोडलं तर) पांढराशुभ्र होता. पांढऱ्या वस्तूत लाल, हिरवा, निळा सारखे असायला हवेत. डाविंची रिझॉल्व्हमध्ये 'परेड' नावाचा आलेख असतो, त्यात हे तिन्ही शेजारी शेजारी दिसतात. आधी उजेड जुळवायचा, मग पांढरा, आणि शेवटी त्वचा. हा क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

गंमत पुढे आहे. अंतरपाट दूर झाला त्या क्षणी फोनमध्ये नवरीचा चेहरा एकदम उजळला. भाव वगैरे दाटून आले म्हणून नव्हे हो! समोरचं मोठं पांढरं कापड गेलं, फोनला वाटलं अंधार झाला, त्याने एक्स्पोजर वाढवलं. शुद्ध ऑटोमॅटिक.

रविवारी सकाळी डबा घेऊन मावशी आली, माझ्या मागे उभी राहून बघत राहिली. "अरे, फोनमध्ये बघ कशी उजळ दिसतेय. सगळं तसंच कर ना."

माझ्या या बहिणीचा रंग आजीचा. लग्न ठरवताना "सावळी आहे, पण नाकीडोळी छान" हे वाक्य घरात किती वेळा ऐकलंय. त्यातला तो 'पण' मावशीला जास्त लागायचा हेही मला माहीत होतं. मी म्हटलं, क्लायंटची रिक्वायरमेंट. फोनला रेफरन्स धरलं, बाकीचे दोन त्याला जुळवले आणि रात्री लिंक पाठवून मोकळा झालो.

अर्ध्या तासात बहिणीचा फोन. "दादा, ही कोण आहे? मागे मामा माझ्याच रंगाचा उभा असायचा, तोही गोरा झालाय. आईने सांगितलं ना तुला?"

काय बोलणार.. सोमवारी हापिसातून आल्यावर पुन्हा बसलो.

व्हेक्टरस्कोपवर लाल आणि पिवळ्याच्या मधे त्वचेची एक रेघ असते. माणूस गोरा असो की सावळा, त्वचेचे ठिपके साधारण त्या रेघेच्या आसपासच पडतात. कारण तिथे रंगाची जात आणि जोर मोजतात, उजेड मोजतच नाहीत. म्हणजे मी केलं होतं ते रंग जुळवणं नव्हतंच. नुसतं उजेडाचं बटण फिरवलं होतं, आणि ते कुठवर फिरवायचं हे सॉफ्टवेअर सांगत नाही.

मग मित्राच्या कॅमेऱ्याला रेफरन्स धरलं. अंतरपाटावरून त्याचा पिवळटपणा काढला, बाकीचे दोन त्याच्याशी जुळवले, फोनची ती उडी कीफ्रेम लावून खाली आणली. तरी तिच्या हातांचे ठिपके रेघेच्या जरा पिवळ्या बाजूला! ओढून आणले रेघेवर. हात एकदम परफेक्ट, आणि एकदम परके. मग ट्यूब पेटली: अरे, हळद! आदल्या दिवशीची हळद होती ती, आणि मी ती धुऊन टाकली होती. अनडू.

यावेळी आधी बहिणीला दाखवलं. "हां, आता आम्ही आहोत," म्हणाली.

मावशीने पूर्ण व्हिडिओ शांतपणे पाहिला. रंगाबद्दल अवाक्षर नाही. शेवटी म्हणाली, "हळद काय छान चढली होती रे तिला." मला हुश्श झालं. दाराशी चपला घालता घालता हळूच म्हणाली, "ते फोनमधलं मात्र मला वेगळं पाठव हं."

पाठवलं. काय करणार, आई आहे ती.

असो. तुमच्या घरी लग्न असेल तर एवढंच करा: तिन्ही कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर हाताने लॉक करा, फोनचासुद्धा. आणि सुरुवातीला सगळ्यांसमोर एक कोरा कागद धरा. प्रत्येक कार्यात अंतरपाट नसतो.