नव्वद नंबरचं तेल

मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये कोणतं तेल घालावं, हा प्रश्न मी चारचौघांत विचारला, ही माझी पहिली चूक. तो जवाहरनगरात विचारला, ही दुसरी. आमची ही वसाहत दारूगोळ्याच्या कारखान्याची. भंडाऱ्याहून नागपूरकडे जाताना हमरस्त्यावर ‘ठाणा पेट्रोल पंप’ या थांब्यावर उतरायचं. ज्या गावच्या थांब्याचं नावच पेट्रोल पंप, तिथं तेलाविषयी अज्ञान असणं हा अपराधच. त्यातून इथल्या निम्म्या लोकांची हयात कशात तरी काही तरी मिसळण्यात गेलेली. तेव्हा ‘तेलात काय मिसळू?’ असं विचारल्यावर जे व्हायचं तेच झालं.

गाडी बुलेट, साडेतीनशे सीसी. बाबांनी १९७४ साली घेतलेली. ही जात मूळची इंग्लंडची. आपल्या सैन्याला गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती, म्हणून ती इकडे आली. १९५५ साली मद्रासला तिचा कारखाना निघाला, आणि पुढे इंग्लंडमधला कारखाना बंद पडला तरी इथं ती निघतच राहिली. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. शिवाय न्यूट्रल शोधण्यासाठी टाचेजवळ एक वेगळी दांडी. निव्वळ शोधण्यासाठी स्वतंत्र दांडी द्यावी लागते, यावरून न्यूट्रल ही किती दुर्मिळ वस्तू आहे हे ध्यानात यावं.

बाबा गेले आणि गाडी माझ्याकडे आली. मीही याच कारखान्यात, त्यामुळे रस्ता तोच. पण गेली दोन वर्षं गिअर इतका जड झाला होता की दुसरा टाकायचा म्हणजे बूट, गुडघा आणि कुलदैवत अशा तिघांची मदत लागायची. पडला की असा ‘खट्’ आवाज व्हायचा की समोरच्या क्वार्टरमधलं तान्हं बाळ दचकून उठायचं.

पहिला सल्ला मिस्त्रीचा. ‘‘ग्रीसच पाहिजे भाऊ. तेल टाकलं तं गळन.’’ यात तथ्य नव्हतं असं नाही. जुन्या इंग्रजी वळणाच्या या गिअरबॉक्सना पातळसर ग्रीसच भरायची पद्धत होती, कारण पातळ तेल अडवून धरण्याचं बळ त्यांच्या जुन्या वायसरांत नसतं. पण मिस्त्रीनं भरलं ते चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस. उन्हाळ्यात निभावलं. डिसेंबरात त्याचं डालडा झालं. अशा ग्रीसमध्ये चाकं फिरताना आपल्यापुरती खाच पाडून घेतात आणि ग्रीस भिंतीला चिकटून बसतं. लग्नघरातल्या काही पाहुण्यांसारखं : हजर, पण कामाला नाही.

दुसरा सल्ला शेजारच्या निवृत्त फोरमनसाहेबांचा. ‘‘अहो, ते ग्रीस काढून फेका आणि नव्वद नंबरचं तेल घाला.’’ मी घाबरलो. इंजिनात चाळीस-पन्नास नंबरचं जातं, आणि इथं एकदम नव्वद? म्हणजे डांबरच की! फोरमनसाहेबांनी माझ्याकडे, पगारवाढ मागणाऱ्या उमेदवाराकडे पाहावं तसं पाहिलं. म्हणाले, ‘‘तुमच्या जोड्याचा नंबर आठ आणि चष्म्याचा दोन, म्हणून काय चष्मा पायात घालता?’’ इंजिनच्या तेलाची मोजपट्टी वेगळी आणि गिअरच्या तेलाची वेगळी, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळलं. गिअरचं नव्वद हे दाटपणात साधारण इंजिनच्या चाळीस-पन्नासाइतकंच भरतं.

दुकानात गेलो तर डब्यांवर आणखी एक आकडा. एकावर जीएल-४, दुसऱ्यावर जीएल-५. आपली मध्यमवर्गीय समजूत अशी की पाच हे चारापेक्षा चांगलं आणि महाग ते त्याहून चांगलं. मी पाच घेतलं. वाटेत प्रयोगशाळेतले एक गृहस्थ भेटले. त्यांनी डबा हातात घेतला, वाचला आणि दुःखद बातमी सांगायच्या सुरात विचारलं, ‘‘तुमच्या गिअरबॉक्सचे बुश ब्राँझचे ना?’’ मग कळलं ते असं : प्रचंड दाबाखाली दात एकमेकांवर घासू नयेत म्हणून या तेलांत गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. जीएल-५ मध्ये ती चारच्या जवळजवळ दुप्पट असतात. पोलादाला ती मानवतात. पण तांब्याच्या वंशातल्या धातूंना, विशेषतः तेल तापलं की, हळूहळू खाऊ शकतात. म्हणजे मी जास्त पैसे मोजून बाबांच्या गाडीला मंद विषप्रयोग करणार होतो. दुकानदारानं डबा परत घेतला नाही. ते तेल आम्ही फाटकाच्या बिजागऱ्यांना घातलं. आमचं फाटक तेव्हापासून रेशमासारखं उघडतं.

गिअरबॉक्समध्ये मग जीएल-४ गेलं. गळतं, पण थेंब थेंब. खाली डब्याचं झाकण ठेवलं की झालं. गिअर मात्र तसाच जड.

इथं माझा नागपूरचा मेहुणा अवतरला. त्याच्या खिशात एक बाटली होती आणि बाटलीत काळंकुट्ट मॉलिब्डेनमचं औषध. ‘‘भाऊजी, अर्धी बाटली टाका, लोण्यासारखा गिअर पडेल.’’ मी पूर्ण टाकली. लोण्यासारखं झालंही, पण भलतंच. गिअरबॉक्सच्या पोकळ दांड्यातून क्लचची सळई आरपार जाते. तिच्या कडेनं ते औषध झिरपत झिरपत क्लचच्या प्लेटांवर पोचलं असावं. प्लेटांचं काम एकमेकींना घट्ट धरण्याचं आणि या औषधाचं काम कुणी कुणाला धरू नये हे. आठवडाभरानं हमरस्त्यावर मी ॲक्सिलरेटर पिळला तर इंजिन डरकाळ्या फोडतंय आणि शेजारून सायकलवाला पुढे चाललाय! प्लेटा उघडून पेट्रोलनं धुतल्या, सगळं तेल बदललं. एकूण खर्च मी सौभाग्यवतींना अजून सांगितलेला नाही.

त्या दिवशी मी पायरीवर डोकं धरून बसलो होतो. आई गहू निवडत होती. तिनं आयुष्यात गाडीचं हँडल धरलं नाही. ती सुपातून मान वर न करता म्हणाली, ‘‘तुझे बाबा सकाळी आधी क्लच दाबत, दोन किका मारत, मंग गाडी चालू करत. तू तं एकदमच लाथ हाणतोस.’’

मी उठलो. क्लचच्या प्लेटा तेलात असतात. रात्रभर गाडी उभी राहिली की चिकटतात. बाबा त्या सोडवून घेत. आणि क्लचचा दांडा? हाताशी धरून पाहिला तर निम्मा नुसताच ढिला येत होता. म्हणजे मी क्लच दाबायचो तेव्हा तो अर्धाच सुटायचा, आणि इंजिन ओढत असताना मी बुटानं गिअर कोंबत होतो. तेलाचा अपराध एवढाच, की ते बाजारात विकत मिळतं. केबलचा स्क्रू दीड-दोन आटे फिरवला. पैसे शून्य.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येताना वळणावर दुसरा गिअर असा पडला की पडल्याचं कळलंच नाही. मी हवेत तरंगत घरी आलो. चहा नव्हता. पन्नास वर्षांत पहिल्यांदा चहा नव्हता! आई दारात उभी. ‘‘कधी आलास? आवाजच नाही आला.’’

तेव्हा उलगडलं. आमच्या कारखान्यात माचीस, मोबाइल सगळं गेटवर ठेवून आत जावं लागतं. आत गेलेला माणूस बाहेर येईपर्यंत घराला कळत नाही. आधी बाबा, मग मी. आई रोज वळणावरच्या त्या ‘खट्’साठी कान लावून बसायची आणि तो ऐकला की आधण ठेवायची. २४ जानेवारी २०२५ ला कारखान्यात स्फोट झाला. काही घरची माणसं त्या दिवशी परत आली नाहीत. मी दुसऱ्या सेक्शनला होतो. घरी पोचलो तेव्हा आई याच दारात उभी होती आणि चुलीवर चहा उकळून उकळून आटला होता. वळणावरच तिला कळलं होतं.

मी म्हटलं, ‘‘वळणावर हॉर्न वाजवत जाईन.’’

‘‘हॉर्न तं कोणीबी वाजवते,’’ ती म्हणाली.

आता वळण आलं की मी क्लच अर्धाच दाबतो. ‘‘अहो, दात झिजतील!’’ असं फोरमनसाहेब कुंपणावरून रोज ओरडतात. झिजतील तेव्हा बघू. चहा वेळेवर मिळतो.