पट्टी झाली की दुपार आपली

पुण्याच्या मार्केट यार्डात दिवस दुपारी संपायचा. रात्री दहा-अकरापासून गाड्या लागायच्या, पहाटे तीन-चारपर्यंत हमालांनी मालाचे डाग उतरवलेले असायचे, उजाडायच्या आत विक्रीला जोर चढलेला असायचा. दहा-अकराला गाळ्यातला माल उठला की दिवाणजी वही उघडून बसायचा. डाग किती, वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई-भाडं वजा जाऊन शेतकऱ्याच्या हाती किती, असा सगळा हिशेब म्हणजे पट्टी. शेवटची पट्टी लिहून झाली, टेंपोवाल्याकडे पट्ट्यांचं पुडकं आणि पैसे दिले की वही मिटली. त्यानंतर आमच्यापैकी कोणी हवा असेल तर थेट घर गाठावं लागे, आणि टोमॅटोच्या भावासाठी एवढी पायपीट कोणी करत नसे.

या यार्डात मी मिसरूड फुटण्याच्या वयात हाताखालचा पोऱ्या म्हणून लागलो, पुढे दिवाणजी झालो. आता निवृत्तीला फार दिवस राहिलेले नाहीत. घरचे, गाळ्यातले, नात्यातले, सगळे मायेने एकच सांगतात, "आता थोडं थांबा, मग सगळे छंद पुरे करा." त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण माझा आयुष्यभराचा अनुभव वेगळं सांगतो. गाणं, आकाश, किल्ले, वाचन आणि झाडं हे पाचही छंद मी एकाच वेळी सांभाळले ते सगळ्यांत जास्त राबत होतो त्या वर्षांत. आज पट्टी संगणक काढतो, बेरजा करायला नकोत, तरी यातल्या दोन छंदांनाही मी धड न्याय देऊ शकत नाही.

आकाशाचा छंद तर यार्डानेच लावला. पहाटे तीनला नाइलाजाने जागा असणारा माणूस तारे पाहायला शिकला नाही तरच नवल. गाडी यायला उशीर असला की आम्ही गाळ्याच्या छतावर चढायचो. जानेवारीच्या मध्यात पहाटे चारच्या सुमारास पश्चिमेला मृग मावळतो आणि आग्नेयेला वृश्चिक वर येऊ लागतो. हे मी पुस्तकात नंतर वाचलं, आधी पाहिलं. खेड्यांतून आलेल्या हमालांना शुक्राची चांदणी कधी उगवते हे घड्याळाशिवाय ठाऊक असे. १९८६ च्या मार्चमध्ये हॅलेचा धूमकेतू पहाटेच्या आकाशात होता. वर्तमानपत्रांनी इतकं वाढवून ठेवलं होतं की तो धूसर पुंजका पाहून बहुतेकांची निराशा झाली. मला मात्र तो ७६ वर्षांनी परत येणारा पाहुणा आहे हे कळल्यावर त्याच्यावरून नजर हलवावीशी वाटेना. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, हौशी लोकांनी हौशी लोकांसाठी चालवलेली. नोकरी-धंदा सांभाळून दुर्बिणी घासणारी माणसं तिथे भेटत. पुढे १९९७ च्या मार्चमध्ये हेल-बॉप आला तेव्हा ईशान्येला पहाटे तो असा ठसठशीत दिसायचा की पाठीवर पोतं असलेले हमालही क्षणभर थांबून वर पाहत. कोणी 'शेंडेनक्षत्र' म्हणून हात जोडले, कोणी नुसतंच पाहिलं.

आता यार्डात उंच खांबांवर झगझगीत दिवे आहेत. ते हवेतच. अंधारात पाय मुरगळून, डाग अंगावर पडून माणसं जायबंदी व्हायची, हे मी पाहिलेलं आहे. पण त्या उजेडात आणि गंगाधामकडच्या इमारतींच्या झगमगाटात मृगाचे ठळक तारे तेवढे उरतात.

गाण्याचंही असंच वेळेशी नातं होतं. पंडित भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला महोत्सव रमणबागेच्या मैदानावर रात्रभर चालायचा. डिसेंबरची थंडी, भारतीय बैठकीत शालीत गुरफटलेली माणसं, मध्यंतरात चहाच्या गाड्यांभोवती चाललेले वाद. दिवसपाळीच्या नोकरदारांना ते जागरण दुसऱ्या दिवशी जड जाई. आम्हा बाजारातल्या माणसांचं शरीर मात्र रात्रीचंच होतं. शुक्रवारची रात्र तर आमची पुरती मोकळी, कारण फळभाज्यांचा बाजार शनिवारी बंद. बाकीच्या रात्री दोन-अडीचला उठून सायकलने यार्ड गाठायचं. कानात दरबारी आणि समोर कोबीच्या गोण्या. शेवटच्या रात्री पंडितजी सगळ्यांच्या शेवटी, पहाटे बसायचे. त्या एका पहाटेसाठी मी बदली माणूस वर्षभर आधी ठरवून ठेवत असे. त्यांचं गाणं झालं, सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रिका लागली आणि मैदानावर ऊन आलं की महोत्सव संपायचा.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरच्या ध्वनिवर्धकावर बंधन आलं आणि रात्रभराची बैठक गेली. शेजारच्या घरातल्या आजाऱ्याला झोप हवी, त्यामुळे नियमाबद्दल माझी तक्रार नाही. पण ललित किंवा तोडी त्यांच्या वेळेला, पहाटे-सकाळी ऐकण्याचा योग दुर्मीळ झाला. २०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो. आमच्या यार्डापासून तो चालत जाण्याच्या अंतरावर आला! अंतर मिटलं, पण वेळ तुटली. मुख्य कलाकार रात्री उशिरा बसतो तेव्हा मला पहाटेच्या बाजारासाठी झोपलेलं असावं लागतं. पूर्वी रमणबाग लांब होती, तरी तिचं घड्याळ आणि यार्डाचं घड्याळ एक होतं.

किल्ल्यांची गोष्ट शनिवारच्या सुट्टीची. बाकीचं पुणं रविवारी सिंहगडावर गर्दी करायचं, आम्हाला शनिवारी रिकामे गड मिळायचे. आमच्यात वेल्ह्याकडचे एक मामा होते. पाठीवर पोती वाहून त्यांचा खांदा दगडासारखा झाला होता आणि आवाज मात्र अभंगाचा. राजगडाच्या पायथ्याचं त्यांचं गाव. शुक्रवारी पट्टी झाली की स्वारगेटहून एसटी, नसरापूर फाट्यावरून मिळेल ते वाहन, संध्याकाळी चढायला सुरुवात आणि रात्री पद्मावती देवीच्या देवळात मुक्काम. जेवण झालं की मामा एकतारीशिवाय, नुसत्या टाळ्यांवर भजन म्हणत. भजन संपलं की मी माचीवर जाऊन आकाश पाहत बसे. किल्ला, गाणं आणि तारे, तिन्ही एका रात्रीत. शनिवारी दुपारी उतरायचं, घरी येऊन चार तास पडायचं आणि रविवारच्या मोठ्या बाजाराला मध्यरात्रीनंतर गाळ्यात हजर. इंदूर-आग्र्याचा बटाटा, पुरंदर-पारनेरचा मटार, दक्षिणेचा शेवगा, सगळा आठवड्याचा लोंढा रविवारी. थकवा येत नसे असं म्हणणार नाही, पण तो थकवा कोणत्याच कामाच्या आड आला नाही.

वाचन दुपारचं. १८४८ पासून चालत आलेल्या पुणे नगर वाचन मंदिराचं पुस्तक पिशवीत असायचं. हमाल पंचायतीने १९७४ मध्ये सुरू केलेल्या 'कष्टाची भाकर'मध्ये झुणका-भाकर खाऊन मी तिथेच पानं उलटत बसे. झाडं बिचारी घरी. त्यांना आठवड्यातून काही वेळ आणि यार्डातल्या पाल्याचं खत पुरे.

मग बदललं काय? मला वाटतं, वही मिटणं बंद झालं. आता शेतकरी वावरातून मालाचा फोटो पाठवतो आणि उद्या काय भाव निघेल विचारतो. हॉटेलवाला रात्री दहाला मागणी सांगतो. गाडी कुठवर आली हे ड्रायव्हर टोलनाक्यावरून कळवतो. पट्टी निघता क्षणी शेतकऱ्याच्या मोबाईलवर जाते आणि पुढच्या मिनिटाला त्याचा फोन येतो. यात शेतकऱ्याचं भलं आहे. पूर्वी त्याला भाव दोन दिवसांनी कळायचा आणि तोवर त्याने पुढचा तोडाही काढलेला असे. त्या अंधाराची मला ओढ नाही. पण या सोयीत आमच्या दुपारीचे तुकडे झाले. दहा मिनिटं मोकळी, फोन, वीस मिनिटं मोकळी, फोन. दिवसाअखेर बेरीज केली तर मोकळा वेळ पूर्वीएवढाच भरेल, कदाचित जास्तच.

आणि सगळे छंद तुकड्यांवर जगत नाहीत. झाडं जगतात. दहा मिनिटांत पाणी घालता येतं, एखादी फांदी छाटता येते. वाचन अर्धंमुर्धं तगतं. निबंध, कविता जमते, पण जाड कादंबरीतली नाती मध्येच सुटतात. ख्याल मात्र तुकड्यात ऐकता येत नाही. विलंबित लयीत गवय्या एकेक स्वर उलगडत वर चढतो, चाळीस मिनिटांनी तार षड्ज लागतो आणि त्या षड्जाचा सगळा अर्थ आधीच्या चाळीस मिनिटांत असतो. आकाशाचं तर याहून कडक. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाईलच्या पडद्याकडे एकदा पाहिलं की ती सगळी तयारी पुसली जाते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तारे ओळखून दाखवणारं अॅप माझ्याही मोबाईलमध्ये आहे. नावं सांगतं, उपयोगी आहे. पण तोच मोबाईल तीन वाजता वाजत असतो. किल्ल्याला अख्खा दिवस लागतो, त्यात तडजोड नाही.

निवृत्तीनंतर सलग वेळ मिळेलच की, असं यावर कोणीही म्हणेल. मिळेल. पण तोवर शरीर थांबून राहत नाही. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली साधारण सात मिलिमीटर उघडते, साठीत पाचच्या आसपास. म्हणजे डोळ्यात शिरणारा प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो आणि मंद तारे, चष्मा कितीही चांगला असला तरी, आकाशातून गळतात. कानही आधी वरचे सूर सोडतो. तंबोऱ्याची जवार, तारेतून निघणारा तो बारीक झंकार, याच वरच्या सुरांची असते. राजगडाच्या बालेकिल्ल्याची चढण दोन्ही हात टेकत चढायची आहे, तिथे गुडघा काय म्हणेल ते सांगायला नको. मामा निवृत्त झाले तेव्हा त्यांना पेटी शिकायची होती. पेटी आणली, शिकवणाराही मिळाला. पण आयुष्यभर हुक आणि पोती धरलेली बोटं इतकी आखडली होती की पट्ट्यांवर वेगळी उठेनात. त्यांचा गळा शाबूत होता, कारण तो रोज वापरात राहिला होता. शेवटपर्यंत ते गात राहिले, पेटी नातवाने उचलली.

याच शहरात दिनकर गंगाधर केळकर चष्म्यांच्या दुकानात बसायचे आणि दिवे, अडकित्ते, दौती, गंजिफा जमवायला गावोगाव फिरायचे. ते अज्ञातवासी या नावाने कविताही करत. त्यांनी दुकान बंद होण्याची वाट पाहिली असती तर १९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या हाती सोपवलेला राजा केळकर संग्रहालयाचा हजारो वस्तूंचा ठेवा जमलाच नसता. वसंतराव देशपांडे लष्करी हिशेब खात्यात वर्षानुवर्षं कारकुनी करत होते आणि गाणं त्या फायलींच्या शेजारी चालू होतं. नोकरी सोडल्यावर १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं तेव्हा त्यांचा गळा तयार होता तो त्या कारकुनीच्या काळातल्या मेहनतीवर. मी या थोरांच्या पंगतीचा नाही, पण त्यांच्या दिवसाची मांडणी मला जवळची वाटते.

म्हणून निवृत्तीआधीच मी थोडी मांडामांड केली आहे. शुक्रवारी पट्ट्या झाल्या की गाळ्याचा फोन तरुण दिवाणजीकडे आणि तो रविवारी पहाटे परत. मालकांनी सुरुवातीला कुरकुर केली, मग त्यांना दिसलं की शनिवारचा बाजार तर बंदच असतो. तो तरुण दिवाणजी फोटो काढतो, फार सुंदर काढतो, फुलबाजारातल्या झेंडूच्या ढिगांवर पडलेल्या पहिल्या उन्हाचे. त्याला सोमवारची दुपार हवी होती. सोमवारी फोन माझ्याकडे. राजगडाचा बालेकिल्ला आता वर्षातून एकदा, बाकी वेळा पद्मावती माचीपर्यंत. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, युनेस्कोच्या यादीत हा गड गेल्यापासून शनिवारीही माणसं दिसतात. मुलं प्रश्न विचारतात, मला येतं ते मी सांगतो.

सवाईच्या मुख्य कलाकारासाठी जागत बसणं मी सोडलं. महोत्सवाचं सत्र दुपारीच उघडतं आणि आमच्या पट्ट्या तोवर झालेल्या असतात. सुरुवातीला तरुण गायक बसतात, अजून नाव न झालेले, मांडव निम्मा रिकामा. पूर्वी या वेळी मी घरी झोपलेला असायचो. आता पुढची जागा मिळते, कलाकाराच्या बोटांची थरथर दिसते, दहा मिनिटांनी ती थांबलेलीही दिसते. मी आठला उठून घरी जातो. यातले काही जण पुढे मोठे होतील तेव्हा त्यांना रात्रीची जागा मिळेल आणि मला त्यांचं गाणं ऐकता येणार नाही. निवृत्त झालो की येईल.