अकरा महिन्यांचा पत्ता

गेल्या वर्षी शाळाप्रवेशाच्या दिवसांत आमच्या कुर्ल्याच्या खोलीतली भाडेकरू बाई मला भेटायला आली. पिशवीत कागदांचा गठ्ठा. म्हणाली, “सर, मुलीचा आरटीईचा अर्ज अडकला. भाड्याचा कागद चालत नाही म्हणतात.”

तो कागद मीच दिलेला होता. स्टॅम्प पेपरवर टाईप केलेला, नोटरीचा शिक्का मारलेला. नोंदणी मात्र केली नव्हती. पैसे वाचतात, खेपा वाचतात, सगळेच असं करतात, अशी मी मनाची समजूत घातली होती. आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी भाड्याने राहणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार दाखवावा लागतो. ही गोष्ट दरवर्षी पालकांना मीच समजावून सांगतो.

मला अब्बा आठवले. ही खोली घेण्याआधी आम्हीही भाडेकरूच होतो. अकरा महिने संपत आले की अम्मी भांडी मोजायला लागायची. पुढे नोकरीला लागल्यावर मीही घरं शोधत फिरलो. दलाल आधी गोड बोलायचा, नाव सांगितलं की म्हणायचा, “सर, तुमचं ठीक आहे हो, पण सोसायटीत चालत नाही.” त्या वाक्याचा राग मी अजून विसरलेलो नाही. पण घरमालक झाल्यावर भाडेकरूचं दुःख मात्र विसरलो.

कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर दंड किंवा कैदही होऊ शकते. करारच नसेल, तर अटींबाबत वाद झाल्यास भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर ते खोटं ठरत नाही. कलम २९ प्रमाणे मालकाला योग्य कारणाशिवाय पाणी-वीज तोडता येत नाही. किती भाडेकरूंना हे ठाऊक आहे? आणि ठाऊक असूनही, खोली जाईल या भीतीने किती जण गप्प बसतात?

याच मुंबईत शंभर वर्षांपूर्वी सरकारने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला बीडीडी चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, पण भाड्याने राहणाऱ्या कामगारासाठी सरकारने बांधलेली. आज घरांच्या योजना बहुतेक मालकीच्या भाषेत बोलतात. झोपडपट्टी पुनर्वसनातही कागद असलेल्यालाच घर मिळतं. त्याच झोपडीच्या माळ्यावर भाड्याने राहणारं कुटुंब बहुधा यादीत नसतं. एमएमआरडीएने २००८ मध्ये भाड्याच्या घरांची योजना आणली, पण ती पुढे बदलली गेली. टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाले तेव्हा, २०२० मध्ये, केंद्र सरकारला परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची आठवण झाली. सरकारकडे बोट दाखवणं सोपं आहे आणि ते दाखवायलाच हवं. पण कलम ५५ पाळायला मला कुठल्या योजनेची वाट पाहायची होती?

त्याच आठवड्यात आम्ही करार नोंदवला. तिने अंगठा लावला, मी लावला. पण अर्जाची मुदत संपली होती. आरटीईचा प्रवेश सुरुवातीच्या वर्गातच मिळतो, त्यामुळे त्या मुलीची ती संधी कायमची गेली. आता ती महापालिकेच्या शाळेत पहिलीत आहे. ती शाळा वाईट नाही, मी स्वतः तशाच शाळेत शिकलो. पण कुठली शाळा, हे तिच्या आईने ठरवायचं होतं. ते माझ्या आळसाने ठरवलं.

बाई मला एका शब्दानेही बोलली नाही. उलट ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली. तो खाताना घास गिळवेना.

तुमच्यापैकी कुणाची एखादी खोली भाड्याने दिलेली असेल, तर आज घरी गेल्यावर एवढंच बघा, तिचा कागद नोंदवलेला आहे का?