पाच वॅटचा हट्ट

संपादकबाईंची अट होती: आकृत्या नकोत, समीकरणं नकोत आणि ‘मेगाहर्ट्झ’ हा शब्द शक्यतो टाळा. पहिल्या दोन अटी मान्य. तिसरी पाळणं मला जमणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या कॅमलूप्स गावी मी वायरलेस सेट दुरुस्त करतो आणि प्रोग्रॅम करून देतो. उन्हाळ्यात गिऱ्हाईक म्हणजे ओंडके वाहणारे ट्रकवाले. बर्फ पडू लागला की स्नोमोबाइलवाले. रेव्हलस्टोक, व्हेलमाउंट, सिकमूस या गावांचा हिवाळा बराचसा याच खेळावर चालतो. बर्फावर धावणाऱ्या या गाड्यांना इथे ‘स्लेड’ म्हणतात. ट्रकमधून उतरवलेली स्लेड अर्ध्या तासात अशा दरीत पोचते, जिथे मोबाइल निव्वळ कॅमेरा उरतो. टोळीतल्या टोळीत बोलायचं तर हातातला सेट, वॉकीटॉकी.

काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला: किती वॅटचा? खोक्यावर ‘३५ मैल’ छापलेलं असतं. ते अगदीच खोटं नाही. एका शिखरावर तुम्ही, दुसऱ्यावर मी, मध्ये नुसती हवा, तर जमेलही. पण स्लेडवाले दऱ्याखोऱ्यांत हिंडतात आणि दोघांच्या मध्ये डोंगराची सोंड येते. हे सेट चालतात त्या ४६२ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम ६५ सेंटिमीटर. ती डोंगराला फारसा वळसा घालत नाही. २ वॅटचे ५ केले की सिग्नल ४ डेसिबलने वाढतो. मोकळ्यावर पल्ला फार तर दीडपट होईल, सोंडेआड बहुधा दोन्ही सेट सारखेच मुके. त्यापेक्षा सेट पाठपिशवीच्या तळातून काढून छातीशी आणा, अँटेना उभी ठेवा, चार पावलं उंचावर जा. हे मी फुकट सांगतो, म्हणून कोणाला पटत नाही.

शिवाय कायदा आहे. कॅनडात या पट्ट्यावर बिनपरवाना २ वॅटपर्यंतच परवानगी. अमेरिकेत ३५ डॉलर भरले की परीक्षा न देता १० वर्षांचा परवाना मिळतो, तो घरातल्या सगळ्यांना चालतो आणि त्यावर हातातले ५ वॅटचे सेट सर्रास वापरतात. सीमेपलीकडचा पाहुणा असा सेट मिरवतो आणि इथल्यांच्या पोटात दुखतं.

आता ज्या विषयावर माझी बायकोही मला थांबवते, तो. या सेटवर चॅनल २२, आणि त्यांवर ‘प्रायव्हसी कोड’ नावाची सोय. लोकांना वाटतं, कोड लावला की आपलं बोलणं आपल्यातच राहतं. साफ चूक. कोड लावलेला सेट तुमच्या आवाजाखाली एक बारीक सूर सोडतो, ६७ ते २५० हर्ट्झच्या दरम्यानचा. ऐकणारा सेट तोच सूर शोधतो. सापडला तर स्पीकर उघडतो, नाहीतर गप्प बसतो. म्हणजे तुमचं बोलणं त्या चॅनलवर कोड न लावलेल्या प्रत्येकाला ऐकू जातं, आणि इतरांचं तुम्हाला येत नाही. वर आणखी घोळ असा, की कोडचे आकडे कंपनीगणिक बदलू शकतात. एकाचा २० नंबर म्हणजे दुसऱ्याचा २० नंबर असेलच असं नाही. सूर किती हर्ट्झचा, ते पुस्तिकेत पाहावं लागतं. पुस्तिका खोक्यातच राहते.

गेल्या हिवाळ्यातली एक टोळी अजून डोक्यातून जात नाही. चौघे होते. उताराच्या मध्यावर एकाची स्लेड रुतली. अशा वेळी मदतीला वर जायचं नाही, हा पहिला धडा. दुसऱ्या गाडीचा भारही त्याच बर्फावर पडतो. मार्च २०१० मध्ये रेव्हलस्टोकजवळ बोल्डर माउंटनवर उताराच्या पायथ्याशी जमलेल्या गर्दीवर हिमस्खलन कोसळलं, दोघे गेले. जानेवारी २०१६ मध्ये मॅकब्राइडजवळ रेनशॉला पाच गेले. इथे हे सगळ्यांना पाठ आहे. तर तो रुतलेला सेटवर ओरडत होता, ‘वर येऊ नका, मी काढतो.’ खालच्यांचं बोलणं त्याला लख्ख ऐकू येत होतं. त्याचं त्यांना येत नव्हतं. त्यांच्यातला एक निघाला वर. बर्फ टिकला, म्हणून चौघे माझ्यासमोर उभे राहून म्हणत होते, ‘सेट कमजोर आहेत, पाच वॅटचे द्या.’

चारही सेट टेबलावर मांडून तपासले. ठणठणीत. तीन सेटवर चॅनल ४, कोड २०. चौथ्यावर चॅनल ४, कोड शून्य, म्हणजे कोडच नाही. बास, एवढंच. जाड हातमोज्याखाली बटण दाबलं गेलं असेल. सगळ्यांचे कोड शून्यावर आणून दिले, तर जाताना एकाने विचारलंच, ‘मग आमचं बोलणं बाकीचे ऐकतील ना?’ अहो, ऐकू देत की! बर्फाखाली गाडला गेलात तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत फावडं घेऊन पोचू शकेल ती शेजारची टोळीच. रविवारच्या गर्दीत कोडमुळे जरा शांतता मिळते, असं माझा सहकारी म्हणतो. मिळते. त्यासाठी चॅनल बदला.

धंदेवाईक व्हीएचएफ सेट प्रोग्रॅमिंगला येतात तेव्हा मी जास्त करून गोष्टी बंदच करतो. आवाजावर आपोआप चालू होण्याची सोय बंद, नाहीतर इंजिनच्या घरघरीवर सेट बोलत सुटतो. स्कॅन बंद. कीपॅड लॉक. ६० सेकंदांनी प्रक्षेपण तोडणारा टायमर मात्र चालू, कारण पिशवीत चेपलं गेलेलं एक बटण अख्खा चॅनल अडवून बसतं. जंगलातल्या ट्रकरस्त्यांचे चॅनल वेगळे. रस्त्याच्या तोंडाशी पाटीवर लिहिलेले. तिथे रस्त्याचं नाव, किलोमीटर, ‘अप’ की ‘डाउन’ आणि वाहन, एवढंच बोलायचं. समोरून ओंडक्यांचा ट्रक येत असतो. हे चॅनल परवान्याशिवाय वापरता येत नाहीत. स्वस्तातला सेट घरी कॉम्प्युटरला जोडून ते भरून घेणाऱ्यांना हे सांगून मी दमलो.

आणखी एक. गाडलेल्या माणसाचा माग काढणारं बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतं आणि सेट, मोबाइल जवळ असले की बिचकतं. एरवी २० सेंटिमीटर आणि शोध घेताना ५० सेंटिमीटर अंतर ठेवायचं. बीकन आणि सेट एकाच खिशात कोंबलेले मी पाहिले आहेत.

पुण्याच्या पुतण्याने सह्याद्रीतल्या भटकंतीसाठी इथून दोन सेट मागितलेत. मी आणणार नाही. भारतात वॉकीटॉकीसाठी परवानामुक्त पट्टा आहे तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा, इथले ४६२ वाले सेट तिथे बिनपरवाना वापरणं बेकायदा. तुमच्याही घरी कोणी परदेशातून आणायला निघालं असेल तर थांबवा. तिकडचेच, मान्यता असलेले सेट घ्या. आणि निघण्याआधी, गाडीतळावरच, प्रत्येकाने प्रत्येकाला हाक मारून पाहा.